दोरीच्या टोकाचा हात

दिवा राहू दे, उमे. दोरी ओढू नकोस. हे असलं बटण तुझ्या बापानं माझ्या माघारी बसवून घेतलं, नाहीतर मी ते या घरात शिरू दिलं नसतं. हसा, हसा. तात्या म्हातारा झाला, अंधाराला भितो म्हणा. उभा जन्म लोकांच्या घरांत विजेच्या तारा ओढण्यात गेला माझा. साताऱ्यापासून पाचगणीपर्यंत निम्म्या भिंतींना मी भोकं पाडली आहेत. पण झोपताना दोरीचं बटण मी माझ्या हातानं ओढत नाही. का, ते आज सांगतो. अट एकच. मधेच 'मग?' म्हणून विचारायचं नाही. मला तो शब्द सोसत नाही. तेही कळेल तुम्हाला.

लढाई संपली त्या वर्षीची, म्हणजे पंचेचाळीस सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. पाचगणीला मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता, त्याचं वायरिंग माझ्याकडं होतं. शेठाणी छातीनं अधू. सगळा दिवस अंथरुणात. त्यांना पलंगावरून हाताला लागेल असं दोरीचं बटण हवं होतं. छताला चिनी मातीची वाटी, तिच्यातून लोंबणारी दोरी. एकदा ओढली की कट्, दिवा लागला, पुन्हा ओढली की कट्, दिवा गेला. विलायती माल लढाईत यायचा बंद झालेला. पुण्याहून मी जुना साठा मिळवला, पण दोरीच्या टोकाला काळं लाकडी बोंड. शेठाणी म्हणाल्या, "हे बोंड रात्री हाताला लागलं की पाल धरल्यासारखं वाटतं. जरा हाती घ्यावंसं वाटेल असं काही लावा की."

असलं काम करणारा माणूस मला एकच ठाऊक होता. गंगाधर. शाळेपासूनचा दोस्त, जातीचा ओतारी. सांगलीला गावभागात घर. खाली भट्टी, वर माडी. देवांचे मुखवटे, समया, घंटा ओतायचा. त्यानं ओतलेल्या मुखवट्याकडं बघितलं की देव आता काहीतरी बोलेल असं वाटायचं. तेव्हा मी सर्व्हिसच्या मोटारीत बसलो आणि सांगली गाठली.

आता घरात कोण कोण, ते ऐका. गंगाधर, त्याची आई माई, आणि त्याची बायको शरयू. ही दुसरी. वाईची, घाटावर वाढलेली, बोलायला चुरचुरीत. पहिली गोदावरी तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. गोदावरीला जन्मात एकच हौस, दिव्याची. तिन्हीसांजेला दिवा लावायचा तो तिनं आणि रात्री शांत करायचा तोही तिनं. फुंकर मारून नाही हं, तसं कुणी करत नाही. वात चिमटीत धरायची. बोटं काळी व्हायची. माईंनी चुकून हात लावला तर दिवसभर घुमी बसायची. घरात वीज आली तरी तेच. रात्री भिंतीवरचं बटण दाबायला दुसरं कुणी उठलेलं तिला खपत नसे.

आणि शरयूच्या गळ्यात तिचा टाक होता. तुम्ही पाहिला नसेल. पहिली गेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक बांधतात. एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं आणलं की त्याची घडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायचं. गोडाधोडाचा पहिला घास टाकाला. म्हणजे गेलेली सवत रुसत नाही. शरयू हे सगळं करायची. पण करताना तिचा चेहरा मी पाहिलाय. लग्न होऊन वर्ष होत आलं तरी या घरात ती पाहुण्यासारखी होती, आणि घरधनीण तिच्या गळ्यात लोंबत होती.

गंगाधरला मी काम सांगितलं. तो लगेच रंगात आला. म्हणाला, "तात्या, ही वस्तू डोळ्यांसाठी नाही. अंधारात हाताला सापडायला हवी. वजन असं हवं की दोरी सरळ राहील, पण बटण आपोआप ओढलं जाता कामा नये. म्हणजे आतून पोकळ. टोक नको, केस अडकतात." आधी त्यानं आंबा केला. तो तराजूतल्या वजनासारखा दिसायला लागला. मग पोपट केला, त्याची चोच तळव्याला बोचायची. मग दीपलक्ष्मी, हातात दिवा घेतलेली उभी बाई. त्यावर शरयू दारातूनच म्हणाली, "म्हणजे रोज रात्री परक्या बाईला कंबरेला धरून ओढायचं होय? शेठाणी शेठजींना हात लावू देतील का?"

आम्ही हसलो. गंगाधर मात्र हसता हसता थांबला. तिच्या हाताकडं बघत राहिला. दाराच्या कडीवर तिचा हात होता, नुसता टेकलेला.

"हात," तो म्हणाला. "बाईचा हात करतो. दोरीला मनगटापासून खाली लोंबणारा. अंधारात चाचपलं की कुणीतरी आपला हात हातात दिल्यासारखं वाटेल."

मला ते फार आवडलं. शरयूला त्याहून जास्त. त्यानं तिला खिडकीत बसवली आणि तिचा हात बघून मेणाचा हात घडवू लागला, खऱ्याच्या निम्मा. मनगटावर बांगड्या, त्या बांगड्यांतच आटे. फिरवलं की हात दोरीपासून सुटायचा. ती तासन्‌तास बसून राहायची. नवरा एवढा वेळ आपल्याकडं बघतोय हे तिला पहिल्यांदाच मिळत होतं. मी परत साताऱ्याला निघालो तेव्हा ती गाणं गुणगुणत होती.

संक्रांतीच्या आधी गंगाधरचा निरोप आला, नमुना झाला, माडीवर बसवून बघू. मी गेलो. हात सुरेख उतरला होता. फक्त करंगळी जराशी आत वळलेली.

"ही अशी का रे?"

"मेणात सरळ होती," तो म्हणाला. "पितळ थंड होताना आखडली असेल. दुसरा ओतला, त्यातही तशीच आली. राहू दे. शोभते."

त्यांच्या निजायच्या खोलीत मी बटण बसवलं. दोघांनीही ओढून बघितलं. शरयू म्हणाली, "माझाच हात मी धरला." आणि लाजली. मी निघून आलो.

पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं.

संक्रांतीला धोंडुबाई आली. तासगावकडची, घरोघर काकणं भरणारी. त्या घरात पूर्वीपासून तीच यायची. शरयूनं काकणं भरून घेतली आणि हौसेनं तिला माडीवर नेलं, बघ म्हणाली, आमच्या ह्यांनी काय केलंय. धोंडुबाईनं तो हात आपल्या तळव्यावर घेतला. उलटा केला, सुलटा केला. तिचा चेहरा बदलला.

"आगं बया... ह्यो हात म्या वळखती."

"माझाच आहे तो," शरयू म्हणाली.

"न्हाई गं. तुझा न्हवं. ह्या हातात म्या लय येळा काकणं भरल्याती. ही करंगळी बघ की. हिरीच्या रहाटात घावली हुती तिची. काकण चढवताना हितंच आडायचं, आन्‌ हसायची ती."

"कुणाची?"

धोंडुबाईनं शरयूच्या गळ्यातल्या टाकाकडं बघितलं, काकणांचं गाठोडं उचललं आणि पैसे न घेता जिना उतरली.

आता तुम्हीच सांगा, त्या पोरीचं काय झालं असेल. तिला वाटलं होतं, हा माझा हात. नवऱ्यानं तो माझ्याकडं बघून केला. आणि तो बघत होता माझ्याकडं, पण त्याच्या बोटांना आठवत होती ती. मला ती म्हणाली, "भाऊजी, रोज रात्री हे माडीवर यायचे, आधी तिचा हात धरायचे आणि मग माझ्याकडं वळायचे. धरला की लगेच सोडायचे नाहीत. मी मोजत पडायची. जळत पडायची म्हणा." गंगाधर खरंच थांबायचा का, देव जाणे. मी त्याला कधी विचारलं नाही. पण मत्सराला खऱ्याखोट्याचं काय?

एके दिवशी दुपारी, गंगाधर भट्टीपाशी असताना, ती वर गेली. गळ्यातला टाक तोडला. पितळी हात आटे फिरवून सोडवला, टाक त्याच्या पोकळीत टाकला आणि हात पुन्हा दोरीला लावला. म्हणाली, "तुमचा हात इथं, तर तुम्हीही इथंच राहा. माझ्या गळ्यात नको."

टाकाची चाल नाही अशा दुसऱ्या मुलखातल्या बाईकडून अशी चूक व्हायची नाही. नुसता हात होता, तोवर ती पितळ होती. तिनं त्यात घरधनीण नेऊन बसवली.

पौषातली संकष्टी. रविवार. अमावस्या नव्हती, उगीच आशा धरू नका. नऊच्या सुमाराला चंद्र उगवायचा होता आणि सगळं घर उपाशीपोटी त्याची वाट बघत होतं. मी पाचगणीचा हात न्यायला दिवेलागणीला पोचलो. खाली माई मोदकांच्या पाकळ्या काढत बसल्या होत्या. शरयूनं पाणी आणून दिलं. वाकली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गळ्यात मंगळसूत्र आहे, पण काळा दोरा नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

गंगाधर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, ते बटण बघ. रात्री दिवा आपोआप जातो."

"आपोआप कसा जाईल? स्प्रिंग ढिली असेल."

"असेल," तो म्हणाला. पण माझ्याकडं बघत नव्हता. "नेमका... मी हिच्याशी बोलायला लागलो की जातो."

आम्ही माडीवर गेलो. स्टूल घेतलं. मेन बंद करून बॅटरीच्या उजेडात वाटी उघडली. स्प्रिंग नवी कोरी, घट्ट. तारा जागच्या जागी. पुन्हा बंद केली, मेन लावला. दोरी ओढली. कट्, आला. कट्, गेला. पुष्कळदा ओढली. काही दोष नाही. दिवा लावून ठेवला आणि स्टुलावर चढून वाटीचे स्क्रू आवळत होतो. दोरी माझ्या छातीसमोर सरळ लोंबत होती. गंगाधर माझ्या पाठीमागं, खिडकीपाशी.

खालून माईंनी हाक दिली, "गंगा, चंद्र दिसला रे."

शरयू बोलवायला वर आली. उंबऱ्यात उभी राहिली. गालाला तांदळाची पिठी लागली होती. काय सुंदर दिसत होती त्या वेळी, खोटं का सांगू. गंगाधर मी तिथं आहे हे विसरला. इतक्या मऊ आवाजात बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता.

"शरू... गालाला पीठ लागलंय तुझ्या."

कट्.

अंधार.

दोरी कुणी ओढली नव्हती. ती माझ्या समोर होती. हलली असती तर मला दिसलीच असती... ती हलली नाही.

"कुणी हलू नका," मी म्हणालो. स्टुलावरून पडायची भीती. हात पुढं केला. दोरी सापडली. तिच्यावरून हात खाली नेला... खाली... टोक आलं.

टोकाला गाठ होती. नुसती गाठ.

पितळी हात नव्हता.

मी पुन्हा चाचपलं. गाठ. तिच्याखाली हवा.

आणि उंबऱ्यातून शरयू म्हणाली, हळू, माझ्यासमोर संकोचून, "अहो... हात सोडा ना. दुखतंय."

गंगाधर माझ्या पाठीमागून बोलला. खिडकीकडून.

"मी... मी इकडं आहे."

मी दोरी मुठीत घट्ट धरली.

काकण तडकल्याचा आवाज झाला. एक. मग दुसरं...

"अहो, ऊन आहे हा हात..."

मी ती नुसती दोरी मुठीला गुंडाळली आणि ओढली.

कट्.

उजेड. पितळी हात दोरीच्या टोकाला होता. माझ्या मुठीच्या खाली, जिथं असायला हवा तिथंच. हलत नव्हता. मी बोट लावलं. पौषातलं पितळ, बर्फासारखं असायला हवं. कोमट होतं.

शरयू उंबऱ्यात बसली होती. पायाशी हिरव्या काचा. डाव्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते. सगळ्यात शेवटचा, बारका वळ... आत वळलेला.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठली, दोरीपाशी आली, आटे फिरवले, हात सोडवला आणि पालथा केला. टाक तिच्या तळव्यावर पडला. गंगाधरच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. माई आवाज ऐकून धापा टाकत वर आल्या होत्या. टाक बघितला आणि सगळं समजल्या.

"आधी गळ्यात घाल तो," माई म्हणाल्या. "पाया पड. क्षमा माग."

शरयूनं टाक दिव्याच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. एखादी समोर बसली असावी तशी बोलली.

"ताई, क्षमा मागणार नाही. मीही लग्न होऊनच आले या घरात. तुमचा जीव दिव्यात आहे, तर दिवा तुमचा. मी हात लावणार नाही, ह्यांनाही लावू देणार नाही. तुम्हीच शांत करा. पण दिवा गेला की तुम्ही खाली जायचं." तिचा आवाज फुटला. "उजेड तुमचा. अंधार माझा राहू द्या."

आणि टाक पुन्हा दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला. आम्ही खाली गेलो. चंद्राला अर्घ्य दिलं, जेवायला बसलो. पहिला मोदक तिनं टाकाला दाखवला. चव कुणालाच कळली नाही.

पाचगणीला मी हाताऐवजी गंगाधरनं ओतलेली पितळी कमळाची कळी नेली. शेठाणी खूश झाल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही.

त्या घरात मात्र ठरल्याप्रमाणं चालू राहिलं. तिन्हीसांजेला माडीवरचा दिवा कुणी लावायचा नाही, तो लागायचा. रात्री दोघं आडवी झाली की कट्. मग जिन्यावर अनवाणी पावलं... खाली जाणारी. गंगाधर सुरुवातीला घामाघूम व्हायचा. शरयू मला हसून म्हणाली होती, "बरंच आहे, भाऊजी. थंडीत उठावं लागत नाही." तिच्या अंगावर तेज आलं होतं. घर तिचं झालं होतं, निदान निम्मं तरी.

मलाही वाटलं, मिटलं.

सत्तेचाळीसच्या श्रावणात तिला मुलगा झाला. कार्तिकात मी बाळाला बघायला गेलो, तर शरयू दारातच उभी. चेहरा उतरलेला. म्हणाली, "भाऊजी, आधी वर चला. ते बटण काढून द्या."

वर गेलो. पाळणा माडीवरच होता, बाळ झोपलेलं. ती त्या पितळी हाताकडं बोट दाखवून म्हणाली, "नीट बघा."

मी बघितलं. पितळेला माणसाचा हात लागला नाही की ते काळवंडतं, हे तुम्हाला घरातल्या समयांवरून ठाऊक आहे. मनगट काळवंडलं होतं. बांगड्यांच्या खाचांत हिरवं साचलं होतं. दोरीला जळमट. पण तळवा... तळवा सोन्यासारखा चकाकत होता. कुणीतरी रोज धरत असल्यासारखा.

"आम्ही कुणी हात लावत नाही, असं ठरलं होतं," ती म्हणाली. "मग हा एवढा घासला कसा गेला? मला वाटलं, हेच. मी बाळाला घेऊन खाली गेले की हे वर येऊन तिचा हात धरून बसतात. हसू नका. मला बाळ झालं, तरी माझ्या पोटात ती आग आहेच. काल रात्री मी काजळाची डबी घेतली आणि दिवा जायच्या आधी त्या तळव्याला आतून काजळ फासलं. म्हटलं, सकाळी कळेल कुणाचे हात काळे ते."

"अगं, पण—"

"सकाळी उठले. ह्यांचे तळवे बघितले. स्वच्छ. पुन्हा बघितले, नखांत बघितलं. माझे बघितले. माईंचे बघितले, त्यांना तर जिना चढवत नाही. सगळ्यांचे स्वच्छ. आणि हा..." तिनं पितळी हात उलटा केला. "हाही स्वच्छ. काजळ नव्हतंच."

तेव्हा मीच म्हणालो.

"मग?"

ती पाळण्यापाशी गेली. बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

बाळ झोपेत हसत होतं. गोरंपान. डाव्या गालावर... तीट.

दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशीच. पण गोल नाही. बारीक, आत वळलेली. करंगळीनं लावावी तशी.

"मी लावलेली नाही," शरयू म्हणाली.

मी धोतराचं टोक ओलं केलं. पुसली. पुन्हा पुसली. बाळ कुरकुरलं. गाल लाल झाला.

तीट गेली नाही.

मी पक्कड हातात घेतली. "काढू बटण?"

ती बाळाकडं बघायची, त्या हाताकडं बघायची. संकष्टीच्या रात्री रडली नव्हती ती, आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नको," म्हणाली. "राहू द्या. माझ्या बाळाचं तिनं वाईट केलेलं नाही. दृष्ट लागू नये म्हणूनच..." मग माझ्याकडं बघितलं. "पण भाऊजी, एक सांगा. तीट आई लावते ना हो?"

मी पक्कड पिशवीत टाकली आणि जिना उतरलो.

पोर आता दोन वर्षांचं झालंय. दुडूदुडू धावतं. परवा सांगलीला गेलो होतो, तेव्हा माझ्या मांडीवर येऊन बसलं. सांगलीतले डॉक्टर म्हणतात, जन्माचा तीळ आहे. शरयूनं मान डोलावली.

मी गालावरून बोट फिरवून बघितलं. काजळ ओलं दिसतं. आत्ताच कुणी लावून गेल्यासारखं.

बोटाला लागत नाही.